मालकीचं टिंब

वांद्रे पश्चिमेला एखादी मोठी, झाडांची, कंपाउंडवाली जागा दिसली की ती कुणाची, हा प्रश्न मनात येतो, आणि बऱ्याचदा ती एखाद्या संताची निघते. हिल रोडने चालून बघा. सेंट पीटर्स, सेंट जोसेफ्स, सेंट अँड्र्यूज. इंग्रजी पाटीवर प्रत्येक संताच्या नावाला वरच्या अंगाला एक बारीकशी शेपटी असते आणि तिच्यामागे एस. ही शेपटी म्हणजे अपॉस्ट्रॉफी. चर्च अँड्र्यूचं, शाळा जोसेफची, असा तिचा अर्थ. आपण मराठी माणसं मात्र तो 'ज' नावाचाच अवयव धरून चालतो आणि रिक्षावाल्याला बेधडक सांगतो, 'सेंट अँड्र्यूजच्या मागच्या गल्लीत घ्या.' एका षष्ठीवर दुसरी षष्ठी. चर्च बांधलं १५७५ साली, पोर्तुगीज जेझुइटांनी. त्यावर इंग्रजांनी आपला प्रत्यय लावला, त्यावर आपण आपला. एवढी पक्की मालकी वांद्र्यात कुणाच्या प्रॉपर्टी कार्डावरसुद्धा नसेल.

त्याच रस्त्यावर सेंट स्टॅनिस्लॉस ही १८६३ सालची शाळा आहे. या संताच्या नावाचा शेवटच एसने होतो. अशा नावाची इंग्रजीत षष्ठी करायची तर दोन पंथ आहेत. एक म्हणतो शेपटी लावा आणि आणखी एक एस लावा. दुसरा म्हणतो नुसती शेपटी पुरे, एसांची एवढी उधळपट्टी कशाला. दोन्ही पंथांचे लोक एकमेकांना अडाणी समजतात. शाळेच्या नावात षष्ठीच नाही: सेंट स्टॅनिस्लॉस हायस्कूल, बस. शाळा संताची आहे की संत शाळेचा, ज्याने त्याने समजून घ्यावं.

रेल्वेचा पूल ओलांडून पूर्वेला आलं की शेपट्या एकदम नाहीशा होतात. पूर्वेला मालकीची भावना कमी आहे असं अजिबात नाही. बाल्कनीखालच्या चार फूट जागेवरून इथे दोन-दोन पिढ्या बोलत नाहीत. पण इथे मराठी लिहिणाऱ्यांनी वसाहती केल्या आणि षष्ठी तत्पुरुष समास वापरून प्रश्नच मिटवला. पत्रकारांचं नगर ते पत्रकारनगर. कलेचं नगर ते कलानगर. साहित्याचा सहवास तो साहित्य सहवास. विग्रह केला की प्रत्यय दिसतो, समास केला की गुल. शब्दागणिक मानधन मिळण्याची सोय असती तर याच मंडळींनी विग्रह करून लांबलचक पाटी लावली असती, पण पाटीला मानधन नसतं. शिवाय साहित्य सहवासातल्या इमारतींना झपूर्झा, शाकुंतल अशी नावं. 'झपूर्झा'ला इंग्रजी शेपटी लावण्याची छाती कुणाची आहे?

एकाची मालकी तशी सोपीच. भानगड सुरू होते ती अनेकांच्या मालकीपासून, आणि त्यातही त्या मालकीच्या आधी एखादं इन, फॉर, अ‍ॅट किंवा ऑफ येऊन उभं राहिलं की. अनेकांच्या मालकीचं वांद्र्यातलं सगळ्यात नामांकित उदाहरण कार्टर रोडच्या टोकाला समुद्राला लागून पसरलेलं आहे: जॉगर्स पार्क. हॉकीचे प्रशिक्षक ऑलिव्हर अँड्रेड यांच्या पुढाकाराने १९९० साली ते झालं. आता हे पार्क एका जॉगरचं, अनेक जॉगरांचं, की कुणाचंच नाही, नुसतं जॉगर्स नावाचं? शेपटी एसच्या आधी, एसच्या नंतर, की मुळातच नाही? इंग्रजीत तिन्ही लिहिलेलं सापडतं आणि तिन्ही लिहिणारे लोक तिथे एकाच मातीवरून एकाच दिशेने गोल फिरताना दिसतात. २००३ साली सुभाष घईंनी याच नावाचा चित्रपट काढला, अनंत बलानींनी दिग्दर्शित केलेला. त्यात एक निवृत्त न्यायाधीश या पार्कात चालायला येतात आणि एका तरुणीच्या प्रेमात पडतात. चित्रपटाच्या नावात शेपटी एसच्या पलीकडे आहे, म्हणजे अनेकवचन. न्यायाधीश एकटेच चालत राहिले असते तर ती अलीकडे घ्यावी लागली असती. कथानकाची एवढी कदर करणारं विरामचिन्ह हिंदी चित्रपटसृष्टीत दुसरं नसेल.

जवळच ऑटर्स क्लब आहे. पाणमांजरांचा म्हणावा तर तिथेही शेपटी नाही. पाणमांजराला खरी लांबलचक शेपटी असते, म्हणून इंग्रजीतली दिली नसावी. आणि बँडस्टँडच्या टोकाला किल्ल्याशेजारी ताजचं हॉटेल. जागेचं जुनं नाव लँड्ज एंड, म्हणजे जमिनीचा शेवट, शेपटीसकट लिहिलं जायचं. हॉटेलच्या नावात ती नाही. आता ते लँड्ज अनेकवचन आहे असं मानलं तर वांद्र्यात अनेक जमिनी आहेत आणि सगळ्या तिथे संपतात, असा अर्थ होतो. रिक्लमेशनचा इतिहास बघितला तर उलटंच. वांद्र्याची जमीन संपते कुठे? भराव घालतील तिथे ती पुन्हा सुरू होते.

नियम म्हणाल तर दोन ओळींचा आहे. अनेकवचनाचा एस आधीच आलेला असेल तर शेपटी त्याच्या पलीकडे. मेन, विमेन, चिल्ड्रन असं एसवाचूनचं अनेकवचन असेल तर आधी शेपटी, मग एस. त्याच्याआधी प्रिपोझिशन आहे की नाही याच्याशी शेपटीला काही देणंघेणं नाही. फॉर आलं म्हणून ती सरकत नाही, विथ आलं म्हणून लाजत नाही. इंग्रजीच्या शिक्षकांनी हे पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं आणि पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला ते पटलं नाही. कारण मराठीत अव्यय आलं आणि नाम जागचं हललं नाही, असं फारसं होत नाही. घोडा स्वतःशी घोडा असतो. त्याच्यावर नुसतं 'वर' बसलं की तो 'घोड्या' होतो. लोक स्वतःशी लोक असतात, 'समोर' आले की 'लोकां' होतात. अव्ययापुढे नामाने वाकायचं, हा आपला घरचा संस्कार. मग इंग्रजी नाम प्रिपोझिशनपुढे ताठ मानेने उभं राहिलेलं आपल्याला बघवत नाही. काहीतरी हलवावंसं वाटतं. आणि हलवण्यासारखी एकच वस्तू हाताशी असते, ती ही शेपटी. मग ती इकडची तिकडे जाते, कधी दोनदा लागते, कधी भाजीवाल्याच्या पाटीवर टोमॅटोच्या नुसत्या अनेकवचनालाही लागते. भाजीवाल्यावरून हसणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, इंग्लंडात या चुकीला किराणा-भाजीवाल्याचंच नाव आहे. म्हणजे तिकडचे भाजीवालेही आपल्यातलेच.

तर्खडकरांच्या पाठमालांवर पोसलेल्या कारकुनांना मात्र यातली एक जागा अचूक यायची. ती म्हणजे रजेचा अर्ज. दहा दिवसांची रजा, टेन डेज लीव्ह, आणि डेजच्या एसनंतर शेपटी. वांद्र्याच्या सरकारी वसाहतीत राहून सकाळची गाडी पकडून फोर्टात जाणाऱ्या कितीतरी माणसांनी आयुष्यात ही एकच शेपटी बिनचूक लावली असेल. कारण मराठीतही तिथे षष्ठीच आहे. 'दिवसांची' रजा. रजा माणसाची नसते, दिवसांची असते. माणूस फक्त अर्ज करतो. ती मंजूर करणाऱ्या साहेबाचं लक्ष शेपटीकडे नव्हतं, दहावर होतं. त्याने दहाचे पाच केले तरी शेपटी तशीच शाबूत राहायची, कारण पाच हेही अनेकवचन. एक दिवस मंजूर झाला तरच ती एसच्या अलीकडे ओढून घ्यावी लागली असती, आणि एका दिवसासाठी कोण एवढा त्रास घेतो? त्यासाठी पोट बिघडतं, तेही तोंडी.

वांद्रे स्टेशनावर तर हा प्रश्न दर तीन मिनिटांनी येऊन उभा राहतो. लेडीज डबा. इंग्रजीच्या हिशेबाने तो लेडीजचा, म्हणून एसनंतर शेपटी हवी. पण मुंबईने लेडीज हा शब्द कधीच स्वतंत्र करून टाकला. 'दारात एक लेडीज उभी होती', 'ती लेडीजमध्ये चढली', 'लेडीजचं फर्स्ट क्लास कुठे येतं हो?' ५ मे १९९२ रोजी पश्चिम रेल्वेने चर्चगेट ते बोरिवली पूर्ण गाडीच बायकांना दिली, ती 'लेडीज स्पेशल'. शेपटीची चौकशी कुणी केली नाही. तिथे मुळात धोतराचा सोगा आत येणार नाही हे बघायचं होतं. डब्यावरची मराठी मात्र बघा: 'महिलांसाठी'. त्यातलं 'लां'वरचं टिंब बारकाईने बघा, कारण आपल्या सगळ्या गोष्टीचं मूळ तिथे आहे. शेजारच्या डब्यावर पूर्वी 'अपंगांसाठी राखीव' असायचं. रंगाऱ्याचा ब्रश घाईत असला आणि एक टिंब राहून गेलं, की 'अपंगासाठी राखीव'. म्हणजे एकच. दुसऱ्याने पुढच्या गाडीने यावं.

या टिंबाचं काम अपॉस्ट्रॉफीच्या कामापेक्षा फार वेगळं नाही. मुलाच्या, मुलांच्या. शिक्षकाच्या, शिक्षकांच्या. मालक एक की अनेक, हे एवढ्याशा ठिपक्यावर ठरतं. फरक इतकाच की आपलं टिंब ऐकू येतं. नाकातून का होईना, येतं. इंग्रजी शेपटी फक्त दिसते. बॉइज हॉस्टेल म्हणताना मुलगा एक की शंभर, कान काहीच सांगत नाही. या एका कारणावरून मराठीला पैकीच्या पैकी गुण द्यावेत असं माझं पक्षपाती मत आहे. न ऐकू येणाऱ्या चिन्हावरून माणसांची लायकी ठरवणं हा फक्त परीक्षकांचा खेळ आहे. आपल्याकडेही तसली न ऐकू येणारी टिंबं ढिगाने होती. नाकांत, कानांत, नपुंसकलिंगी शब्दांच्या शेवटी, जिथे तिथे. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखन-नियमांनी ती झाडून काढली. पण झाडताना अनेकवचनी सामान्यरूपावरच्या टिंबाला हात लावला नाही. उलट विभक्तिप्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लावताना ते द्यावंच, असा स्वतंत्र नियम केला. लोकांना, मुलांनी, लोकांसमोर, घरांपुढे. अनेकांच्या मालकीला हात लावला तर मराठी माणूस रस्त्यावर येतो हे महामंडळाला ठाऊक असणार.

या टिंबाचं कूळही थोर आहे. संस्कृतात षष्ठीचं अनेकवचन 'देवानाम्'. तो 'नाम्' प्राकृतातून झिजत झिजत आला आणि शेवटी 'देवां'वरचं टिंब होऊन बसला. म्हणजे 'देवांसाठी' म्हणताना आपण मुळात अनेकवचनी षष्ठीलाच अव्यय जोडत असतो. जी गोष्ट इंग्रजीत शिकायला आपण क्लास लावतो, ती जन्मापासून दिवसाला दोनशे वेळा फुकट करत असतो. इंग्रजी शेपटीचंही तसंच. जुन्या इंग्रजीत षष्ठीला स्वर होता, तो गळाला, त्याच्या जागी खूण राहिली. अनेकवचनाची शेपटी तर एसनंतर नेमाने बसू लागली ती अठराव्या-एकोणिसाव्या शतकात. म्हणजे सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीचा जॉब चार्नक कलकत्त्यात उतरला तेव्हा त्याच्या इंग्रजीला अजून हा नियम पक्का नव्हता, आणि त्याच इंग्रजीचे वारस आपल्याला पुढे दीडशे वर्षं त्यावर नापास करत राहिले.

खुद्द विलायतेत काय चाललंय तेही ऐका. लंडनच्या भुयारी रेल्वेत अर्ल्स कोर्ट आणि बॅरन्स कोर्ट अशी जवळजवळची स्टेशनं आहेत. पहिल्याला शेपटी आहे, दुसऱ्याला नाही. २००१ साली जॉन रिचर्ड्स नावाच्या निवृत्त पत्रकाराने अपॉस्ट्रॉफी वाचवण्यासाठी एक संस्था काढली, आणि २०१९ मध्ये ती बंद करताना अडाणीपणा आणि आळस जिंकला असं जाहीर केलं. बर्मिंगहॅमच्या महापालिकेने २००९ मध्ये रस्त्यांच्या पाट्यांवरून शेपट्या काढायचंच ठरवलं. अमेरिकेत तर भौगोलिक नावांच्या सरकारी मंडळाला १८९० पासून ती नकोशी आहे. मार्थाज व्हिनयार्डसारखे हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके अपवाद त्यांनी मान्य केले. मूळ मालकच सोडून चाललेत आणि आपण भाडेकरू अजून पागडी सांभाळत बसलोय.

आता वांद्र्याच्या खास अडचणीकडे येऊ. इथली जुनी वस्ती ईस्ट इंडियनांची, गोवेकरांची, आणि आडनावं डिसोझा, डिमेलो, डिमाँटी. मराठीत आपण ती अशी सलग लिहितो. पोर्तुगीजात ते 'दे सौझा' असं सुटं. पण वांद्र्याच्या इंग्रजी पाट्यांवर डीनंतर तीच वरची शेपटी. ती मालकीची नव्हे, गिळलेल्या स्वराची. आता समजा, नाताळात तुम्हाला रनवार गावठाणातून जेवणाचं आमंत्रण आलं आणि ते कुणाकडे हे तुम्हाला इंग्रजीत लिहायचंय. एक डिसोझा नाही, सगळं कुटुंब, म्हणून अनेकवचनाचा एस. घर त्यांचं, म्हणून एसनंतर शेपटी. आधी अ‍ॅट हे प्रिपोझिशन. म्हणजे एकाच शब्दात पुढून एक शेपटी आणि मागून एक. पुढची पोर्तुगीज, मागची इंग्रज, मधे सौझा. साडेचारशे वर्षांचा वांद्र्याचा इतिहास एका शब्दात मावतो, फक्त तो लिहिणारा माणूस जेवायला वेळेवर पोचत नाही. आणि घर हा शब्द तर त्यात कुठेच नाही! नुसतं 'अ‍ॅट द डिसोझाज'. कुणाचं काय, ते ओळखून घ्यायचं.

मराठीत काय लागतं? 'डिसोझांकडे.' संपलं. एक टिंब, एक 'कडे'. घर म्हणायची गरज नाही, मालकी म्हणायची गरज नाही, जेवण म्हणायचीही नाही. नाताळात डिसोझांकडे माणूस दुसरं कशाला जातो? 'कडे' हे अव्यय तर असं आहे की त्यात घर, माणूस, त्याचा ताबा, त्याची जबाबदारी, सगळं येतं. किल्ली डिसोझांकडे, कुत्रा डिसोझांकडे, सोसायटीचे पैसे डिसोझांकडे. इंग्रजीने प्रत्येक ठिकाणी वेगळं प्रिपोझिशन मागितलं असतं आणि प्रत्येकापुढे शेपटीचा हिशेब.

ऑफची गंमत निराळीच. ऑफ म्हणजेच 'चा'. तरी इंग्रजीत 'माझ्या आईवडिलांचा एक मित्र' लिहिताना ऑफ लावून झाल्यावर पेरेंट्सच्या एसनंतर पुन्हा शेपटी लावतात. दुहेरी षष्ठी. सेंट अँड्र्यूजच्या मागच्या गल्लीवरून आपल्याला हसणाऱ्या इंग्रजाने आधी हे बघावं. ती शेपटी काढली तर मित्राच्या बाबतीत फारसं बिघडत नाही, पण फोटोच्या बाबतीत बिघडतं. शेपटीशिवाय: ज्या फोटोत डिसोझा दिसतात तो. शेपटीसकट: जो डिसोझांच्या मालकीचा आहे तो, त्यात भले त्यांचा कुत्रा असो. मराठीत दोन्ही 'डिसोझांचा फोटो'. गोंधळ होतो का? होतो. मग आपण विचारतो, 'म्हणजे त्यांचा, की त्यांचा?' आणि समोरचा म्हणतो, 'त्यांचाच हो.' आणि काम पुढे सरकतं.

इतकं सगळं मराठीच्या बाजूने बोलून झाल्यावर आता तिची लबाडी सांगायला हरकत नाही. आपलं टिंब नुसतं अनेकांना मिळत नाही, मानालाही मिळतं. वडील एकच असतात, पण 'वडिलांच्या'. सासरे एक, 'सासऱ्यांच्या'. मुख्यमंत्री तर घटनेनेच एक, तरी 'मुख्यमंत्र्यांच्या बंगल्यावर'. आदरार्थी बहुवचन. ज्याचा मान राखायचा त्याची आपण संख्या वाढवतो. त्यातून इंग्रजी माध्यमातल्या मुलांचे निबंध होतात. 'वडिलांच्या ऑफिसात' याचं भाषांतर करताना शेपटी इमानदारीने एसच्या पलीकडे जाते आणि मुलाला एकापेक्षा जास्त वडील असल्याचं लेखी निवेदन शाळेकडे जमा होतं. आईच्या वाट्याला हे कधी येत नाही, कारण आईला आपण एकेरीत ठेवलंय. 'आईच्या'. टिंब नाही. मानाचं टिंब वडिलांना आणि डबा आईच्या हातचा, ही वाटणी कुठल्या महामंडळाने केली ते बघायला हवं.

आमच्या पूर्वेकडच्या एका सोसायटीत या टिंबापायी झालेली वादावादी मी जवळून बघितली. तळमजल्यावर एक जुने डॉक्टर आहेत. अर्ध्या बिल्डिंगला त्यांनीच गोवराच्या वेळी बघितलंय. दवाखान्यासमोरची गाडीची जागा त्यांच्यासाठी ठेवायची असं ठरलं. सेक्रेटरी मंत्रालयातून निवृत्त झालेले. पाटी इंग्रजीत हवी, कारण रीडेव्हलपमेंटसाठी बिल्डरची माणसं येतात आणि त्यांना मराठी वाचता येत नाही, किंवा वाचायची नसते. सेक्रेटरींच्या मनात वाक्य मराठीतच होतं: डॉक्टरांच्या गाडीसाठी राखीव. त्यांनी रिझर्व्ड फॉर लिहिलं, डॉक्टर्स लिहिलं, आणि शेपटी सन्मानपूर्वक एसच्या पलीकडे लावली.

तिसऱ्या मजल्यावरच्या मॅडम चाळीस वर्षं पश्चिमेच्या एका कॉन्व्हेंटात इंग्रजी शिकवून आल्या आहेत. त्या जिन्यातच थांबल्या.

'सेक्रेटरीसाहेब, डॉक्टर किती आहेत?'

'एकच. का हो?'

'मग शेपटी एसच्या आधी हवी.'

सेक्रेटरींनी पाटीकडे बघितलं, मग दवाखान्याकडे. 'मॅडम, आमच्या आईचं शेवटचं सगळं त्यांनी केलं. त्यांना एकेरी कसं लिहू?'

मॅडमनी इंग्रजीत मान वगैरे काही नसतो असं समजावून सांगितलं. ते आपल्याला पहिल्यापासून माहीत आहे, असं सेक्रेटरी म्हणाले.

हे इथे मिटलं असतं. पण दुसऱ्या मजल्यावर एक जनावरांचे डॉक्टर राहतात. त्यांनी पाटी वाचली, शेपटी योग्य जागी आहे हे ओळखलं आणि शांतपणे त्या जागेत गाडी लावली. अनेक डॉक्टर म्हणजे त्यात ते आलेच. संध्याकाळी चौथ्या मजल्यावरचे प्राध्यापक खाली उतरले. त्यांची पीएच.डी. जुन्या मराठीतल्या विभक्तिरूपांवर आहे. त्यांच्याकडे गाडी नाही, पण मुलगा घ्यायची म्हणतो. त्यांनी पाटीचा फोटो काढला आणि हक्क नोंदवून ठेवण्यासाठी कमिटीला पत्र दिलं. पत्राच्या शेवटी सहीखाली कंसात 'डॉक्टर'.

मीटिंग बोलावली गेली. त्याच मीटिंगमध्ये बिल्डरच्या पत्रावरही चर्चा होती. त्यात 'मेंबर्स कन्सेंट' असा शब्द शेपटीविना होता. मॅडमनी लाल पेनाने त्यावर गोल केला आणि विचारलं, संमती एका सभासदाची, की सगळ्यांची? पहिल्यांदाच सभेत टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता झाली, कारण प्रश्न आता व्याकरणाचा राहिला नव्हता, कार्पेट एरियाचा झाला होता. शेवटी खजिनदार म्हणाले की शासनाच्या जुलै २०१९ च्या निर्देशांप्रमाणे एक्कावन्न टक्के लागतात. २००९ च्या निर्देशांत पंचाहत्तर होते. म्हणजे अनेकवचन दहा वर्षांत चोवीस टक्क्यांनी बारीक झालं. टक्के मोजायला शेपटी लागत नाही म्हणून पत्र तसंच दाखल करून घेतलं.

मग पार्किंग. प्राध्यापकांनी सुचवलं की पाटी मराठीतच असावी. सगळा घोळ परक्या भाषेमुळे आहे. ठराव टाळ्यांनी मंजूर झाला. पेंटरने निळ्यावर पांढऱ्या अक्षरांत रंगवलं: 'डॉक्टरांच्या गाडीसाठी राखीव.' टिंब ठसठशीत, दुरून दिसेल असं.

तळमजल्यावरचे डॉक्टर ती वाचून सुखावले. ते टिंब आपल्या मानाचं आहे हे त्यांना कळलं. जनावरांचे डॉक्टरही सुखावले. ते टिंब अनेकवचनाचं आहे, म्हणजे आपलंही. प्राध्यापक तर पाटीसमोर बराच वेळ उभे होते. हा 'नाम्' चा अवशेष आहे, असं त्यांनी वॉचमनला सांगितलं. वॉचमनने 'हो साहेब' म्हटलं. जागा एकच आहे, आणि सध्या तिथे दिवसभर बिल्डरकडच्या सर्व्हेवाल्याची गाडी उभी असते. त्याला मराठी येत नाही.